फर्नेस बंद पडल्यावर विजेचा बिघाड कसा शोधावा: भाग बदलण्याआधीचा क्रम

जानेवारीतल्या एखाद्या रात्री पारा शून्य फॅरनहाइटच्या आसपास उतरलेला असतो, घर हळूहळू गार पडू लागते, आणि घाईने बेसमेंटमध्ये गेलेला माणूस सर्वांत आधी फर्नेसचे, म्हणजे घर तापवणाऱ्या यंत्राचे, दार उघडतो. अमेरिका आणि कॅनडातल्या मराठी घरांत तपासणीची फसगत बहुधा याच क्षणी सुरू होते. त्या दाराच्या मागे एक छोटा स्विच असतो, दार निघताच तो वीज तोडतो, आणि कंट्रोल बोर्डवरचा लुकलुकणारा दिवा बिघाडाचे जे कारण सांगत होता ते अनेक फर्नेसमध्ये तिथेच पुसले जाते. मग अंदाजाने खरेदी सुरू होते: आधी नवा थर्मोस्टॅट, नंतर गॅस पेटवणारा इग्नायटर, शेवटी महागडा बोर्ड. एवढे करूनही घर गारच राहते, कारण दोष तीन अँपिअरच्या फ्यूजमध्ये किंवा बाहेर बर्फाने बुजलेल्या पाइपमध्ये असतो.

पुढील क्रम नैसर्गिक वायूवर जळणाऱ्या, १२० व्होल्टवर चालणाऱ्या, इलेक्ट्रॉनिक बोर्ड असलेल्या आणि लाल तापणाऱ्या इग्नायटरने पेटणाऱ्या फर्नेससाठी आहे. पूर्णपणे विजेवर चालणाऱ्या फर्नेसमध्ये २४० व्होल्ट आणि कितीतरी मोठा प्रवाह असतो, त्यामुळे हा लेख तिला लागू करू नये. तेलावरची फर्नेस, बॉयलर आणि हीट पंप यांचीही रचना वेगळी असते.

## कामाची मर्यादा आधी ठरवावी

गॅसचा वास येत असेल तर कोणताही स्विच चालू किंवा बंद करू नये, फोनही घरात वापरू नये. सर्वांना घेऊन बाहेर पडावे आणि बाहेरूनच गॅस कंपनीला किंवा ९११ला कळवावे. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वाजत असेल तरीही हेच करावे. या वायूला वास नसतो, त्यामुळे "काही जाणवत नाही" या भरवशावर घरात थांबणे धोक्याचे आहे.

घर भाड्याचे असेल तर घरमालकाला कळवून थांबणे योग्य. ओंटारिओत गॅसच्या उपकरणावरील काम टीएसएसए या तांत्रिक सुरक्षा पाहणाऱ्या संस्थेकडे नोंदणी असलेल्या कंत्राटदारानेच करावे लागते. इतरत्रही स्थानिक नियम पाहून घ्यावेत. या लेखातले काम निरीक्षण, मोजमाप, फ्यूज, तारांची जोडणी आणि फ्लेम सेन्सरची, म्हणजे ज्योत ओळखणाऱ्या सळईची, सफाई एवढ्यापुरतेच आहे. गॅस व्हॉल्व्ह उघडणे, गॅसचा दाब बदलणे, बर्नर काढणे ही कामे तंत्रज्ञाची आहेत.

दुरुस्ती लांबणार असे दिसले तर घराची सोय आधी पाहावी. बाहेरच्या भिंतीलगतचे नळ बारीक धारेने चालू ठेवावेत, म्हणजे पाइप गोठण्याची शक्यता कमी होते. १५०० वॉटचा हीटर १२० व्होल्टवर सुमारे साडेबारा अँपिअर खेचतो, म्हणून तो थेट भिंतीतल्या सॉकेटला लावावा, एक्स्टेन्शन बोर्डला लावू नये. स्वयंपाकाचा ओव्हन उघडा ठेवून घर तापवण्याचा प्रयत्न मुळीच करू नये.

## तयारी: हत्यारे आणि तारांचे रंग

एक साधा डिजिटल मल्टीमीटर, पाव इंची षटकोनी डोक्याच्या स्क्रूसाठी नट ड्रायव्हर, विजेरी, बारीक स्टील वूल, त्याच क्षमतेचे दोन जादा फ्यूज आणि फोटो काढण्यासाठी फोन, एवढे साहित्य पुरते. भारतातून आणलेला मल्टीमीटर चालतो, फक्त त्याच्या तारांचे आवरण तडकलेले नसावे. प्रत्येक वेळी तो आधी चालू असलेल्या सॉकेटवर तपासावा, मग फर्नेसवर मोजावे, आणि "वीज नाही" असे दिसले तर पुन्हा सॉकेटवर नेऊन खात्री करावी. मीटरमधली बॅटरी संपल्यामुळे जिवंत तार मृत समजली जाण्याचा धोका या एका सवयीने टळतो.

यानंतरचा मुद्दा आपल्याकडे वायरिंग पाहत किंवा करत वाढलेल्यांसाठी आहे, आणि तो मी मुद्दाम लांबवून सांगतो. महाराष्ट्रातल्या घरांत काळी तार न्यूट्रल असते आणि फेज बहुधा लाल असतो. अमेरिका आणि कॅनडात १२० व्होल्टच्या वायरिंगमध्ये काळी तार फेजची, पांढरी न्यूट्रलची आणि हिरवी किंवा उघडी तांब्याची तार अर्थिंगची असते. ज्याने पुण्यात किंवा नाशकात हौसेने घरचे पंखे बसवले आहेत, त्याचा हात "काळी म्हणजे न्यूट्रल" या जुन्या सवयीने नको तिथे जातो. त्यातच थर्मोस्टॅटच्या बारीक तारांचे रंग निराळी भाषा बोलतात: तिथे लाल तार बहुधा २४ व्होल्टचा पुरवठा आणते, पांढरी उष्णता मागते, पिवळी एसीची असते, आणि हिरवी पंख्याची असते, तिचा अर्थिंगशी काही संबंध नसतो. शिवाय बसवणाऱ्याने हाताशी असेल ती तार वापरलेली असू शकते. म्हणून रंगावर न जाता तार बोर्डवरच्या कोणत्या अक्षराखाली बसली आहे ते पाहावे: आर म्हणजे पुरवठा, सी म्हणजे परतीची सामाईक तार, डब्ल्यू म्हणजे उष्णता, वाय म्हणजे एसी, जी म्हणजे पंखा.

तपासा: कोणतीही तार सुटी करण्याआधी बोर्डचे दोन-तीन फोटो काढावेत, अक्षरे आणि तारा दोन्ही स्पष्ट दिसतील असे.

## फर्नेसचा स्वतःचा क्रम

उष्णतेची मागणी आल्यावर फर्नेस पुढील गोष्टी ठरलेल्या ओळीने करते. थर्मोस्टॅट आर आणि डब्ल्यू जोडतो. बोर्ड सुरक्षा स्विच बंद म्हणजे जोडलेले आहेत का ते पाहतो आणि इन्ड्यूसर, म्हणजे धूर बाहेर ढकलणारा लहान पंखा, सुरू करतो. हवेची पुरेशी ओढ निर्माण झाली की ती ओळखणारा प्रेशर स्विच जुळतो. इग्नायटर साधारण पंधरा ते तीस सेकंद तापतो. गॅस व्हॉल्व्ह उघडतो आणि ज्योत पेटते. फ्लेम सेन्सरला काही सेकंदांत ज्योत जाणवावी लागते, नाहीतर व्हॉल्व्ह मिटतो. ज्योत टिकली तर अर्ध्या-पाऊण मिनिटाने मोठा ब्लोअर घरात गरम हवा सोडतो.

या साखळीतली प्रत्येक कडी आधीच्या कडीवर अवलंबून असते. इन्ड्यूसर फिरतच नसेल तर इग्नायटर तपासण्यात वेळ घालवू नये, आणि ज्योत पेटून विझत असेल तर थर्मोस्टॅटला दोष देता येत नाही, कारण त्याचे काम केव्हाच झालेले असते.

## टप्पा १: दार न उघडता पाहणे आणि ऐकणे

१. थर्मोस्टॅट उष्णतेच्या स्थितीत आहे आणि ठरवलेले तापमान खोलीच्या तापमानापेक्षा किमान पाच अंश फॅरनहाइट जास्त आहे, याची खात्री करावी.

२. फर्नेसच्या खालच्या दारात बहुधा एक छोटी काच किंवा छिद्र असते. त्यातून बोर्डवरचा दिवा पाहावा आणि किती वेळा लुकलुकून थांबतो ते तीन फेऱ्या मोजून लिहून ठेवावे. फोनवर व्हिडिओ घेतला तर मोजणी चुकत नाही.

३. शेजारी उभे राहून एक पूर्ण प्रयत्न ऐकावा: इन्ड्यूसरची घरघर, इग्नायटरचा प्रकाश, व्हॉल्व्हचा टक असा आवाज, ज्योत, ब्लोअर. कोणत्या पायरीनंतर शांतता पसरते ते नोंदवावे.

दिव्याच्या खुणांचा अर्थ दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेल्या तक्त्यात असतो. हा तक्ता प्रत्येक कंपनीचा वेगळा, कधी कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांचाही वेगळा असतो. शेजाऱ्याच्या फर्नेसमध्ये तीनदा लुकलुकणे म्हणजे प्रेशर स्विच, म्हणून आपल्याकडेही तेच, असे समजू नये.

सावधान: अनेक अपयशी प्रयत्नांनंतर फर्नेस स्वतःला कुलूप लावून घेते आणि काही तास प्रयत्नच करत नाही. वीज अर्धा मिनिट बंद करून सुरू केली तर हे कुलूप बहुधा उघडते, पण खूण लिहून घेतल्याशिवाय हे करू नये. वारंवार असे करून रात्र काढणे तर मुळीच नको, कारण दर वेळी फर्नेस ज्या कारणासाठी थांबली होती तेच कारण आपण दडपत असतो.

## टप्पा २: १२० व्होल्ट फर्नेसपर्यंत पोहोचतात का

दिवा अजिबात लागत नसेल तर सुरुवात येथून करावी.

१. फर्नेसच्या अंगावर, जवळच्या भिंतीवर किंवा बेसमेंटच्या जिन्याच्या तोंडाशी साध्या दिव्याच्या बटणासारखा एक स्विच असतो. काही घरांत त्यावर लाल पट्टी असते. तो चालू आहे का ते पाहावे. भारतातून आलेले आईवडील "उगाच दिवा जळतोय" म्हणून हे बटण बंद करतात. आमच्याकडे हे दोन वेळा घडले आहे, आणि दुसऱ्या वेळी मी तासभर मीटर घेऊन बसल्यावर ते लक्षात आले. आता त्या बटणावर मराठीत चिठ्ठी चिकटवलेली आहे.

२. विजेच्या पॅनेलमध्ये फर्नेसचा ब्रेकर एकेरी असतो, बहुधा १५ अँपिअरचा. बाहेरच्या एसीचा ब्रेकर दुहेरी असतो. त्याच्याशी गल्लत करू नये. पडलेल्या ब्रेकरचा खटका मधोमध थांबतो आणि दुरून चालू असल्यासारखा दिसतो. तो आधी पूर्ण बंदकडे दाबून मगच चालूकडे न्यावा. पुन्हा पडला तर तिसऱ्यांदा प्रयत्न करू नये; पूर्ण १२० व्होल्टमध्ये कुठेतरी शॉर्ट आहे आणि ते काम इलेक्ट्रिशियनचे आहे.

३. ब्लोअरचे दार नीट बसले आहे का ते पाहावे. फिल्टर बदलल्यानंतर फर्नेस बंद पडली असेल तर जवळजवळ नेहमी दार पाव इंच बाहेर राहिलेले असते आणि आतला स्विच दाबला गेलेला नसतो.

४. उच्च कार्यक्षमतेच्या फर्नेसमध्ये पाणी साठते तिथे, किंवा वर माळ्यावर बसवलेल्या यंत्राच्या खालच्या ताटात, तरंगणारा स्विच असतो. निचरा तुंबला की तो वर उचलला जातो आणि वीज तोडतो. पाणी दिसले तर आधी निचरा साफ करावा.

एवढे करूनही दिवा लागला नाही, तर वीज बंद करून दार काढावे, दारामागचा स्विच टेपने दाबून ठेवावा, वीज चालू करावी आणि बोर्डजवळ काळ्या व पांढऱ्या तारेच्या टोकांदरम्यान मोजावे. ११० ते १२५ व्होल्टच्या दरम्यान आकडा यायला हवा. १२० व्होल्टच्या जोडण्या उघड्या असताना एक हात मागे ठेवून काम करावे, अंगठी आणि घड्याळ काढून ठेवावे, आणि ओल्या फरशीवर उभे राहू नये.

सावधान: मोजमाप संपताच ती टेप काढलीच पाहिजे. दार सैल असताना ब्लोअर फिरू लागला तर तो बेसमेंटमधली हवा ओढतो आणि तिच्याबरोबर जळलेला वायूही घरभर पसरू शकतो. तो स्विच याच कारणासाठी तेथे बसवलेला आहे. टेपच्या जागी कायमची पट्टी लावून काम भागवलेली फर्नेस दिसली तर ती तशी चालवू नये.

## टप्पा ३: २४ व्होल्ट, फ्यूज आणि लपलेला शॉर्ट

ट्रान्सफॉर्मर १२० व्होल्टचे साधारण २४ व्होल्ट करतो. प्रत्यक्षात आकडा २४ ते २८ असतो. घरगुती फर्नेसमध्ये तो बहुधा ४० व्होल्ट-अँपिअरचा असतो, म्हणजे २४ व्होल्टवर त्याच्याकडून जेमतेम १.७ अँपिअर मिळतात. थर्मोस्टॅट, प्रेशर स्विच, गॅस व्हॉल्व्ह आणि बाहेरच्या एसीचा रिले हे सर्व याच थोड्या पुंजीवर चालतात.

१. मीटर एसी (प्रत्यावर्ती प्रवाहाच्या) व्होल्टवर ठेवून बोर्डवरच्या आर आणि सी या खुणांमध्ये मोजावे. २४ मिळाले तर टप्पा ४ कडे जावे.

२. शून्य मिळाले तर वीज बंद करून बोर्डवरचा मोटारीत असतो तसा चपटा फ्यूज काढावा. जांभळा तीन अँपिअरचा आणि फिकट तपकिरी पाच अँपिअरचा असतो. डोळ्यांना तो ठीक दिसला तरी मीटरने कंटिन्युइटी, म्हणजे त्यातून प्रवाह आरपार जातो का ते, तपासावी.

३. फ्यूज ठीक असेल तर ट्रान्सफॉर्मरच्या १२० व्होल्टच्या बाजूला आणि २४ व्होल्टच्या बाजूला वेगवेगळे मोजावे. एका बाजूला वीज येते आणि दुसरीकडे काहीच नाही, तर ट्रान्सफॉर्मर गेला आहे. काही ट्रान्सफॉर्मरवर दाबायचे छोटे बटण असते. ते बाहेर आले असेल तर दाबून पुन्हा मोजावे.

सर्वांत जास्त पैसा येथे वाया जातो. उडालेला फ्यूज हा परिणाम असतो. त्याला उडवणारा शॉर्ट दुसरीकडे असतो. नवा फ्यूज लावला, तोही उडाला, म्हणून दहा अँपिअरचा लाल फ्यूज किंवा चांदीचा कागद लावला, की त्यानंतर फ्यूजच्या जागी ट्रान्सफॉर्मर जळतो. एका परिचितांच्या घरी आलेल्या तंत्रज्ञाने बोर्ड बदलून दिला होता, आणि नव्या बोर्डचा फ्यूज पंधरा दिवसांत उडाला; दोष होता घराबाहेर एसीकडे जाणाऱ्या बारीक तारेत, जिचे आवरण गवत कापण्याच्या यंत्राने सोलले गेले होते. हिवाळ्यात एसी बंद असला तरी त्या केबलमधला आर किंवा वाय ओल्या पत्र्याला टेकू शकतो.

शॉर्ट शोधण्याची रीत अशी. वीज बंद करून आर, डब्ल्यू, वाय आणि जी या चारही खुणांखालच्या बाहेर जाणाऱ्या तारा काढाव्यात. योग्य क्षमतेचा नवा फ्यूज लावून वीज सुरू करावी. फ्यूज आताच उडाला तर शॉर्ट फर्नेसच्या आतच आहे: गरम पाइपला टेकलेली, कडेला घासलेली तार किंवा गॅस व्हॉल्व्हची गुंडाळी. फ्यूज टिकला तर प्रत्येक वेळी वीज बंद करून तारा एकेक करून परत जोडाव्यात आणि थर्मोस्टॅटवरून ती ती मागणी करून पाहावी. उष्णता मागताना उडाला तर डब्ल्यू, पंखा मागताना उडाला तर जी, थंडावा मागताना उडाला तर वाय. वायची चाचणी मागणी लावून क्षणभरच करावी. बाहेर कडक थंडी असताना एसीचा कॉम्प्रेसर चालू देऊ नये, म्हणून त्याचा दुहेरी ब्रेकर आधी बंद ठेवावा.

शॉर्टच्या ठरलेल्या जागा थोड्याच असतात: थर्मोस्टॅटच्या मागे भिंतीत दबलेली तार, चित्र टांगण्यासाठी ठोकलेला खिळा, उंदराने कुरतडलेली केबल, बाहेरच्या यंत्राजवळची उन्हाने तडकलेली जोडणी, आणि वीज चालू ठेवून थर्मोस्टॅट बदलताना एकमेकांना टेकलेल्या आर आणि सी. शेवटचे कारण तर हमखास सापडते, कारण नवा थर्मोस्टॅट बसवताना फर्नेसची वीज बंद करणे लोकांना अनावश्यक वाटते.

## टप्पा ४: थर्मोस्टॅट दोषी आहे का

पडदा कोरा असेल तर आधी बॅटरी बदलावी. स्मार्ट थर्मोस्टॅट सी तारेशिवाय बसवलेला असेल तर तो इतर तारांतून चोरून वीज घेतो आणि काही फर्नेसवर त्याची बॅटरी पुरेशी भरत नाही; तक्रार अशी येते की दुपारी चालतो आणि पहाटे बंद होतो.

चाचणी अशी करावी. वीज बंद करावी, बोर्डवरच्या आर आणि डब्ल्यूखालच्या थर्मोस्टॅटच्या तारा काढाव्यात आणि त्या दोन खुणा एका छोट्या तारेने जोडाव्यात. दोन टप्प्यांच्या फर्नेसमध्ये डब्ल्यू-१ वापरावा. दार लावून वीज सुरू करावी. फर्नेस पूर्ण क्रमाने चालली तर दोष थर्मोस्टॅटमध्ये किंवा त्याच्या केबलमध्ये आहे. न चालली तर थर्मोस्टॅट निर्दोष आहे आणि नवा आणण्याची गरज नाही. या जोडणीत आतले सर्व सुरक्षा स्विच कामावर राहतात, त्यामुळे चाचणी म्हणून ती चालते, परंतु फर्नेस तशीच ठेवून झोपू नये, कारण घर कितीही तापले तरी ती थांबणार नाही. ज्या फर्नेस आणि थर्मोस्टॅट एकमेकांशी डेटाच्या तारांनी बोलतात, त्यांवर ही चाचणी करू नये.

## टप्पा ५: सुरक्षा स्विचांची साखळी

येथे मीटर वाचण्यातच चूक होते. जुळलेल्या स्विचच्या दोन टोकांमध्ये मोजले तर शून्य व्होल्ट येतात. तुटलेल्या, म्हणजे जोडणी उघडलेल्या, स्विचच्या दोन टोकांमध्ये २४ येतात. "२४ आले म्हणजे स्विच चांगला" हा समज नेमका उलटा आहे. आणि पुरवठाच नसेल तरीही शून्यच दिसते, म्हणून आर आणि सी यांच्यात २४ आहेत याची खात्री प्रत्येक वेळी आधी करावी.

अधिक सोपी पद्धत म्हणजे मीटरची काळी तार सी वर रोवून ठेवावी आणि दाराच्या आतील आकृती पाहत लाल तार एकेका स्विचच्या अलीकडे आणि पलीकडे टेकवत जावे. ज्या जागी २४ नाहीसे होतात, त्या जागेच्या लगेच आधीचा स्विच तुटलेला आहे.

लिमिट स्विच फर्नेस अति तापल्यावर तुटतो. तो बदलण्याआधी फिल्टर पाहावा. एक इंची फिल्टर एक ते तीन महिन्यांत बदलावा लागतो, आणि हिंग-मोहरीच्या फोडण्या रोज होणाऱ्या घरात तो तेलकट धुळीने त्याहूनही लवकर बुजतो. वापरात नसलेल्या खोल्यांतल्या जाळ्या बंद केल्या तरीही हवा अडते आणि लिमिट तुटतो.

रोलआउट स्विच ज्योत बाहेर आल्यावर तुटतो आणि त्यावर बहुधा हाताने दाबायचे बटण असते. तो दाबून पुढे जाणे धोक्याचे आहे. ज्योत बाहेर का आली हे तंत्रज्ञाने पाहिल्याशिवाय फर्नेस चालवू नये.

प्रेशर स्विच इन्ड्यूसर बंद असताना तुटलेलाच असायला हवा आणि तो फिरू लागल्यावर जुळायला हवा. इन्ड्यूसर फिरतो आणि तरीही स्विच जुळत नसेल तर कारण बहुधा विजेचे नसते. घराबाहेर जाऊन पांढरे पीव्हीसी पाइप बर्फाने किंवा पक्ष्याच्या घरट्याने बुजले आहेत का ते पाहावे. स्विचकडे येणारी रबरी नळी तडकली आहे का, तिच्यात पाणी साठले आहे का, निचऱ्याचा सापळा तुंबला आहे का, हे पाहावे.

सावधान: कोणताही सुरक्षा स्विच तारेने जोडून टाळू नये, "फक्त आजच्या रात्रीपुरता" सुद्धा नाही.

## टप्पा ६: इग्नायटर आणि ज्योत

इन्ड्यूसर फिरतो, प्रेशर स्विच जुळतो, पण लाल प्रकाश दिसत नाही, तर वीज बंद करून इग्नायटरचा प्लग काढावा आणि ओहम मोजावे. सिलिकॉन कार्बाइडच्या खरबरीत राखाडी इग्नायटरचा गार असतानाचा आकडा साधारण ४० ते ९० ओहम असतो. सिलिकॉन नायट्राइडच्या सपाट इग्नायटरचा मॉडेलप्रमाणे वेगळा असतो. मीटर अनंत दाखवत असेल तर तो तुटला आहे. आकडा ठीक असेल तर प्लगवर, इग्नायटर तापण्याच्या त्या थोड्या सेकंदांतच, व्होल्ट मोजावे. तेव्हा वीज येत नसेल तर संशय बोर्डकडे वळतो. नवा इग्नायटर बसवताना तापणाऱ्या भागाला बोट लावू नये आणि तो कशावरही आपटू देऊ नये.

ज्योत पेटते आणि काही सेकंदांत विझते, असे तीन-चार वेळा होऊन फर्नेस थांबते, तर फ्लेम सेन्सर पाहावा. ही ज्योतीत जाणारी एक बारीक सळई असते. ज्योतीतून जाणारा अगदी सूक्ष्म प्रवाह, बहुधा १ ते ६ मायक्रोअँपिअर, बोर्ड मोजत असतो. सळईवर डोळ्यांना न दिसणारा थर बसला की हा प्रवाह घटतो. वीज बंद करून एक स्क्रू काढावा, सळई बारीक स्टील वूलने हलकेच घासावी, कोरड्या कापडाने पुसावी आणि पुन्हा बसवावी. खरबरीत पॉलिश पेपर वापरू नये. त्याने पडलेल्या चऱ्यांत थर आणखी लवकर साठतो.

सेन्सर स्वच्छ असूनही ज्योत विझत असेल तर अर्थिंग आणि पोलॅरिटी तपासावी. हा सूक्ष्म प्रवाह फर्नेसच्या पत्र्यातून परत येतो, म्हणून अर्थिंग सैल असेल किंवा कोणी काळी आणि पांढरी तार उलट जोडली असेल तर बोर्डला ज्योत दिसतच नाही. काळ्या तारेपासून पत्र्यापर्यंत १२० आणि पांढऱ्यापासून पत्र्यापर्यंत जवळजवळ शून्य व्होल्ट यायला हवेत. तारांच्या रंगांबद्दल सुरुवातीला जे लिहिले त्याची किंमत येथे चुकवावी लागते. वादळात वीज गेल्यावर सुट्या जनरेटरवर फर्नेस लावली आणि ती पेटून विझू लागली, तर त्यामागेही अनेकदा जनरेटरचा न्यूट्रल अर्थिंगला जोडलेला नसणे हेच कारण असते.

## टप्पा ७: ब्लोअर

ज्योत टिकते पण जाळीतून हवा येत नाही, आणि थोड्याच वेळात लिमिट तुटून ज्योत विझते, अशा वेळी दोष ब्लोअरमध्ये आहे. जुन्या प्रकारची मोटार गुणगुणते पण फिरत नाही, तर कपॅसिटर कमजोर झालेला असण्याची शक्यता मोठी. वीज बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये विद्युतभार राहतो. तो सुरक्षितपणे उतरवण्याचा सराव नसेल तर हे काम तंत्रज्ञावर सोडावे. बदलताना मायक्रोफॅरडचा आकडा तोच असावा, व्होल्टचा आकडा तोच किंवा जास्त असावा. नव्या, इलेक्ट्रॉनिक नियंत्रण असलेल्या ईसीएम मोटारीचा प्लग वीज चालू असताना कधीही काढू नये.

## टप्पा ८: बोर्डवर संशय सर्वांत शेवटी

बोर्डला १२० व्होल्ट मिळतात, आर आणि सीमध्ये २४ आहेत, डब्ल्यूवर मागणी पोहोचते, सुरक्षा साखळी पूर्ण आहे, आणि तरीही पुढच्या भागाला वीज मिळत नाही, असे लेखी आकड्यांनी सिद्ध झाल्यावरच बोर्ड दोषी मानावा. त्याआधी त्यावरचे प्लग वीज बंद करून एकदा काढून घट्ट बसवावेत आणि मागच्या बाजूला जळालेला किंवा तडा गेलेला टाका दिसतो का ते पाहावे. विजेचे भाग बहुतेक दुकाने परत घेत नाहीत, त्यामुळे अंदाजाने आणलेला बोर्ड घरातच पडून राहतो.

## काम संपल्यावर

दारामागची टेप आणि आर-डब्ल्यूमधली तार काढली का, हे पहिल्या फोटोशी ताडून पाहावे. दार लावून थर्मोस्टॅटवरून मागणी द्यावी आणि शेजारी उभे राहून सलग तीन पूर्ण फेऱ्या पाहाव्यात: पेटणे, ब्लोअर सुरू होणे, तापमान गाठल्यावर ज्योत विझणे आणि त्यानंतर एक-दोन मिनिटांनी ब्लोअर थांबणे. कार्बन मोनॉक्साइडच्या अलार्मचे चाचणीचे बटण दाबून तो वाजतो का ते पाहावे. दिव्याची मूळ खूण, मोजलेले आकडे, बदललेला भाग आणि तारीख एका कागदावर लिहून तो दाराच्या बाहेरच्या बाजूला चिकटवावा. पुढच्या वेळी तंत्रज्ञाला बोलवावे लागले तर त्याचा पहिला अर्धा तास वाचेल, आणि त्याचे पैसे आपणच देत असतो.